पाणक्या पोचेपर्यंत

डोंगराच्या दिवशी या घरात कुणाला जेवायला बोलावू नये, एवढं गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. ते त्या दिवशी जिन्याकडे फिरकतच नसे. धाकट्या सुनेला मात्र नेमका आजचाच मुहूर्त सापडला. आणि बोलावून बोलावलं कुणाला, तर वन्संना मागणी घातलेल्या दंतवैद्याला.

डॉक्टर बाराच्या ठोक्याला आले होते. आता खिडकीतलं ऊन सरकत सरकत शिक्क्यांच्या कपाटावर चढलं होतं, डॉक्टर तिसऱ्यांदा पाणी पीत होते आणि टेबलावरची सहाही ताटं अजून पालथी होती. थोरली सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहुण्याला न्याहाळत होती. भुकेला माणूस किती वेळ हसतमुख राहतो यावरून त्याची पारख होते, असं तिचं मत होतं. हा बराच वेळ राहील असं दिसत होतं. तेच तिला नको होतं.

नियम अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा. सायकलींची मोठी शर्यत सुरू झाली की तीन आठवडे रोज, शर्यतीतला शेवटचा स्वार पोचल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. सपाट रस्त्यांच्या दिवशी हे निभून जायचं. सगळे घोळक्याने यायचे आणि भात निवायच्या आत मोकळे व्हायचे. पण डोंगराच्या दिवशी पहिला वर पोचून, तोंड धुऊन, मुलाखत देऊन बसला तरी शेवटचा कुठल्यातरी वळणावर धापा टाकत असायचा. तो पोचला की अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनावर ‘पोचले’ असा शिक्का मारत, आणि मगच ताटं सरळ होत.

शिक्का हा या घराचा धंदा होता आणि स्वभावही. खाली दुकान, वर बिऱ्हाड. ‘मंजूर’, ‘नामंजूर’, ‘खरी प्रत’. शहरातल्या निम्म्या कचेऱ्या जे काही बोलायच्या ते अण्णांच्या दुकानातून घेतलेलं असायचं. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात रीतसर पत्र लिहून मागणी घातली, तेव्हा अण्णांनी ते दोनदा वाचलं, त्यावर ‘विचाराधीन’ असा शिक्का मारला आणि परत पाठवून दिलं. दुसरा कुणी असता तर पुन्हा हा जिना चढला नसता. डॉक्टरांनी ते पत्र चौकटीत बसवून दवाखान्यात लावलं. एकूण मुलगा चांगला होता. वय पंचावन्न, पण मागणी घालणारा तो मुलगाच म्हणायचा.

वन्सं बावन्नच्या. थोरल्याची आणि धाकट्याची मोठी बहीण, म्हणून दोघे ताई म्हणत आणि ताईवाचून दोघांचं पान हलत नसे. दुकानात अक्षरं कोरलेलं रबर लाकडी मुठीवर चिकटवायचं काम वन्संचं. ऐकायला सोपं वाटतं. पण थोरल्याने चिकटवलेला शिक्का उजवीकडे कलायचा, धाकट्याने चिकटवलेला डावीकडे, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात हजर. वन्संचा शिक्का कधी परत आला नाही. दुकानातून वर आल्यावर स्वयंपाकही त्यांचाच. वन्सं गेल्या तर दुकान कलणार, हे भावांना कळत होतं, आणि स्वयंपाकघर आपल्या गळ्यात पडणार हे थोरलीला. म्हणून महिनाभर ती नवऱ्याच्या बाजूने होती. वरवर ती म्हणायची, “या वयात कशाला धावपळ?” मनातलं असं कुणी बोलून दाखवतं का?

डॉक्टर महिनाअखेर दवाखाना गुंडाळून समुद्रकाठच्या एका गावी कायमचे जाणार होते. त्यांना उत्तर आज हवं होतं. वन्संनी सकाळी तांदूळ धुता धुता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं होतं, “माझा पाणक्या आज वर पोचला, की सांगते. जेवायच्या आधी सांगते.”

या घरात प्रत्येकाचा एक स्वार होता. थोरल्याचा पिवळा, म्हणजे जो सगळ्यांच्या पुढे असेल आणि पिवळा सदरा घालेल तो. थोरला जन्मात कधी मागच्याच्या बाजूला उभा राहिला नव्हता. धाकट्याचा ठिपकेवाला, डोंगर चढण्यात पटाईत. या दोन स्वारांपायी दोघा भावांत तीन आठवडे विळ्या-भोपळ्याचं सख्य असे. मीठ हवं असलं तरी अण्णांमार्फत मागत. धाकटी जो दिसायला बरा असेल त्याच्यामागे. थोरलीला सायकलीत काडीचा रस नव्हता. हेलिकॉप्टरमधून मधूनच हिरव्या उतारांवरच्या गाई दाखवत, तिचं मन त्यांच्यात रमे, म्हणून तिने गाईंची बाजू घेतली होती.

आणि वन्संचा पाणक्या. मागच्या गाडीकडून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, पाठीवर सदऱ्यात कोंबायच्या, झपाट्याने पुढे जाऊन म्होरक्याला द्यायच्या, पुन्हा मागे यायचं, एवढंच ज्याचं काम, असा एक स्वार वन्सं दर वर्षी हेरत. यंदाचा पिवळ्याच्याच संघातला होता. मान लांब, कान हेल्मेटबाहेर डोकावणारे. शर्यतीत सगळ्यात शेवटी.

“आज हा वर पोचतो का बघ,” धाकटा थोरल्याच्या कानाशी लागून म्हणाला.

थोरलीने डोळे चोळून पाहिलं. दोघे भाऊ एका सोफ्यावर बसले होते. शर्यतीच्या दिवसांत असं दृश्य तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

“दादा, वेळमर्यादा असते,” धाकटा कुजबुजत होता. “जिंकणाऱ्याच्या मागून ठरलेल्या वेळात आला नाही, तर बाद. आज डोंगर मोठा आहे. हा पडणार बाहेर.”

“पडला पाहिजे,” थोरला म्हणाला, आणि डॉक्टर बघताहेत हे लक्षात आल्यावर त्यांच्याकडे पाहून गोड हसला. “डॉक्टर, पाणी?”

“नको,” डॉक्टर म्हणाले. “पाणी झालं. एक विचारू का? या शेवटच्या माणसाला बक्षीस काय असतं?”

“काही नाही,” अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले.

“मग आपण त्याच्यासाठी का थांबतो?”

सोफ्यावरचे दोघे चुळबुळले. हा प्रश्न घरात कुणी विचारत नसे. थोरलीने एकदा विचारला होता, नवी नवरी असताना, तेव्हा अण्णांनी नुसतं कॅलेंडरकडे बोट दाखवलं होतं. आज मात्र ते खुर्चीत सरळ झाले. भुकेल्या पाहुण्याला जेवण नाही तर निदान उत्तर तरी द्यावं, असं त्यांना वाटलं असेल.

“हिच्यामुळे,” स्वयंपाकघरातल्या लेकीकडे मान वळवून ते म्हणाले. “सात वर्षांची होती. तेव्हा रेडिओ. रेडिओवाला पहिल्या तिघांची नावं सांगायचा आणि गाणी लावायचा. ही ताटावर अडून बसली. म्हणाली, शेवटचा घरी गेला का ते सांगा, तरच जेवीन. आता मला काय माहीत? समजूत घातली, ऐकेना. शेवटी खाली दुकानात जाऊन वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या माणसाला वाटलं, माझा कुणी नातेवाईक शर्यतीत आहे. त्याने बिचाऱ्याने चौकशी केली. पोचला म्हणाला. मग ही जेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हटलं, हिच्या एकटीच्या उपाशी राहण्यापेक्षा सगळेच थांबू.”

“हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत,” थोरला म्हणाला.

“तुम्ही विचारलं नाहीत.”

डॉक्टरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग त्यांच्या पोटातल्या कावळ्यांनी एवढा मोठा सूर काढला, की धाकटीने टीव्हीचा आवाज वाढवला.

तेवढ्यात पडद्यावर गडबड उडाली. ऐन डोंगराच्या पायथ्याशी पिवळ्याच्या मागच्या चाकातली हवा गेली होती. थोरला ताडकन उभा राहिला. पिवळा हात वर करून आपल्या संघाची गाडी शोधत होता, आणि गाडी मागे एका वळणावर गाईंच्या कळपात अडकली होती. कळप कुठून आला कुणास ठाऊक. तपकिरी, धष्टपुष्ट, गळ्यात घंटा असलेल्या गाई रस्ताभर पसरल्या होत्या आणि त्यातली एक गाडीचा आरसा चाटत होती.

“तुझ्या गाई,” थोरला बायकोकडे वळून म्हणाला.

थोरलीने कपाळावर हात मारला. इतकी वर्षं ज्यांची बाजू घेतली, त्यांनी ऐन वेळी असा घोळ घालावा.

मग लांब मान दिसली. पाणक्या आला, उतरला, एक शब्द न बोलता स्वतःच्या सायकलचं मागचं चाक काढून त्याने पिवळ्याच्या सायकलला बसवलं आणि त्याला पाठीवर हात देऊन ढकलून दिलं. पिवळा निघून गेला. मागे वळूनसुद्धा न बघता. पाणक्या एकचाकी सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला, आणि कॅमेराही पिवळ्याच्या मागे निघून गेला.

“वाचला,” थोरला खाली बसत म्हणाला.

“आणि हा अडकला,” धाकटा म्हणाला. “गाई हटेपर्यंत गाडी नाही, गाडी येईपर्यंत चाक नाही. दुधात साखर.” दोघांनी चक्क टाळी दिली.

वन्सं डाव हातात घेऊन दाराशी आल्या होत्या. “दिलं ना चाक?” त्यांनी विचारलं.

“दिलं, ताई,” थोरला म्हणाला.

“देणारच,” वन्सं म्हणाल्या आणि आत गेल्या. थोरली मागोमाग गेली. वन्संनी भाताखालचा गॅस बंद केला, जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि पुन्हा लावला. भात तर कधीच झाला होता.

“वन्सं,” थोरली म्हणाली, “तुमच्या मनात काय आहे?”

“मनात काय असणार? भात लागेल म्हणून बघतेय.”

“मी भाताचं नाही विचारत.”

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. “मला वाटलं होतं, तो पोचला की आपोआप हो म्हणता येईल,” त्या म्हणाल्या. “आपल्या तोंडाने उठून ‘मी जाते’ कसं म्हणायचं, ते मला येत नाही गं. कधी म्हटलंच नाही.”

थोरली बाहेर आली तेव्हा ठिपकेवाला डोंगरमाथ्यावर जिंकला होता आणि धाकटा आनंद करायलाही विसरला होता. बाहेर वेगळीच लढाई जुंपली होती.

“बाद झालेल्याला पोचला म्हणतच नाहीत,” धाकटा अण्णांना पटवत होता.

“नियमात शेवटचा स्वार म्हटलंय,” अण्णा म्हणाले. “वेळेत की उशिरा, ते म्हटलेलं नाही.”

“पण बाद झाला की तो स्वारच राहत नाही,” थोरला म्हणाला. “अण्णा, तुम्हीच सांगा, रद्द झालेल्या कागदावर आपण ‘मंजूर’ मारतो का?”

अण्णा विचारात पडले. शिक्क्याचा दाखला दिला की ते हटकून विचारात पडत.

“उपटलेला दातही दातच असतो, अण्णा,” डॉक्टर नम्रपणे म्हणाले. “फक्त तोंडात नसतो.”

अण्णांनी त्यांच्याकडे नव्या नजरेने पाहिलं. “पटलं,” ते म्हणाले.

“तुम्हाला बहीण जायला नकोय, तर तसं सरळ म्हणा,” धाकटी नवऱ्यावर घसरली. “त्या बिचाऱ्याच्या चाकाआड कशाला लपता? ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची खोडच आहे.”

“तुला काय जातंय? दुकान आम्हाला चालवायचंय.”

“मग शिका की सरळ चिकटवायला. रबर आहे ते, रॉकेट नाही.”

या गलबल्यात डॉक्टर टेबलाकडे बघत होते. एक, दोन करत त्यांनी बोटाने ताटं मोजली आणि थोरलीला हळूच विचारलं, “सहाच आहेत. आपण सात ना? ताई कुठे बसतात?”

“त्या नंतर बसतात,” थोरली म्हणाली.

“नंतर म्हणजे? मी आलो म्हणून का?”

“नाही, रोजच.”

“कुठे बसतात?”

थोरलीने ओट्याकडे पाहिलं. वन्सं बसत नसत. सगळ्यांचं उरकलं, की ओट्याशी उभ्या राहून पातेल्यातलं उरलंसुरलं ताटलीत घेत. सहावी खुर्ची एरवी रिकामी असे आणि तिच्यावर सगळे वर्तमानपत्रं ठेवत. हे रोज थोरलीच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिला कधी दिसलं नव्हतं. कुठल्या मुलखातल्या, नावही धड न येणाऱ्या स्वारासाठी हे घर वर्षानुवर्षं उपाशी बसत आलं. आणि अण्णांचा शिक्का कागदावर पडला रे पडला की सगळे ताटांवर तुटून पडत. घरातल्या शेवटच्या माणसासाठी एकही घास कधी थांबला नाही. थोरलीला लाज वाटली. इतकी, की तिने पदराने उगाचच टेबल पुसलं.

मग ती सोफ्याच्या हातावरची, नवऱ्याशेजारची आपली नेहमीची जागा सोडून पलीकडे धाकटीजवळ जाऊन बसली.

“तिकडे कुठे?” थोरल्याने विचारलं.

“इथून नीट दिसतं,” थोरली म्हणाली. धाकटीने तिला मुकाट्याने जागा करून दिली.

बाकीचे सगळे स्वार आले. कॅमेऱ्याने मुलाखती दाखवल्या, हार दाखवले, पिवळ्याचे दात दाखवले. डॉक्टर म्हणाले, खालचा एक काढायला झालाय. वेळमर्यादेला अगदी थोडा वेळ उरला होता. धाकटा हातावरच्या घड्याळावरून नजर हटवत नव्हता. अण्णांनी ‘पोचले’चा शिक्का हातात घेऊन ठेवला होता.

आणि मग पडद्यावर, अर्ध्या डोंगरावर, लांब मान दिसली. मिळालं होतं त्याला चाक. तो येत होता, पण चालत्या माणसाने गाठावं इतका हळू. त्याच्यामागे, मागे राहिलेल्यांना गोळा करत येणारी ती गाडी, टपावर झाडू बांधलेली, अगदी चिकटून चालली होती.

“चल रे,” धाकटी पुटपुटली. “चल,” थोरलीही म्हणाली. सोफ्यावरून दोघे भाऊ तितक्याच मनापासून उलटं काहीतरी पुटपुटत होते. वन्सं पुन्हा दारात येऊन उभ्या होत्या.

वळणावर एक कुटुंब शर्यत बघायला आलं होतं. मोठी छत्री, घडीचं टेबल, घडीच्या खुर्च्या. म्हातारा, म्हातारी, दोघं-तिघं तरणी माणसं. शर्यत केव्हाच पुढे गेली होती, म्हणून ती जेवायला बसली होती. पाणक्याने त्यांच्याकडे पाहिलं. पुढे गेला. थांबला. वळून पाहिलं. मग सायकलवरून उतरून त्याने ती छत्रीच्या दांड्याला टेकवली, हेल्मेट काढलं, आणि एक रिकामी खुर्ची ओढून टेबलाशी बसला. म्हातारीने जराही न गोंधळता त्याच्यापुढे ताट सरकवलं.

झाडूच्या गाडीने हॉर्न वाजवला. पाणक्याने घास घेतलेलाच हात हलवून तिला पुढे जायची खूण केली. पुन्हा हॉर्न. शेवटी ड्रायव्हर उतरला, तावातावाने टेबलापर्यंत आला, काहीतरी बोलला, आणि म्हातारीने त्यालाही बसवलं.

टीव्हीवरचा बोलणारा माणूस गप्प झाला होता. मग थोरलीच्या मागून आवाज आला आणि तिने दचकून पाहिलं. वन्सं हसत होत्या. तोंडावर हात न धरता, डाव हातात तसाच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“बाद,” धाकटा घड्याळ दाखवत म्हणाला, पण त्यात जोर राहिला नव्हता.

वन्संनी डाव खाली ठेवला. दाराआड एक घडीची खुर्ची असे, वर आलेल्या गिऱ्हाइकासाठी. ती त्यांनी आणली, उलगडली, डॉक्टरांच्या आणि अण्णांच्या जागांच्या मधे घातली. अण्णांचं पालथं ताट ओढून सरळ केलं, त्यात भात वाढून घेतला, दोन बटाटे घेतले, आणि बसल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी पहिला घास घेतला.

“ताई,” थोरला चाचरत म्हणाला, “तो अजून पोचला नाही.”

“त्याला कुठे पोचायचंय?” वन्सं घास चावत म्हणाल्या. “बसलाय तो.” आणि डॉक्टरांकडे वळून त्यांनी विचारलं, “तुमच्या तिकडच्या घरात खुर्च्या किती आहेत?”

“दोन,” डॉक्टर म्हणाले.

“चालतील,” वन्सं म्हणाल्या.

अण्णा आरामखुर्चीतून उठले. त्यांना उठायला वेळ लागला, आणि कुणी हात दिलेला त्यांनी घेतला नाही. कॅलेंडरासमोर ते बराच वेळ शिक्का हातात धरून, पाठमोरे उभे होते. थोरलीला त्यांची मान तेवढी दिसत होती. घरातून लेक जाणार होती. अण्णांना कुणी ते फोड करून सांगायची गरज नव्हती.

“अण्णा, तो वर पोचल्याशिवाय कसा मारणार शिक्का?” धाकट्याने शेवटचा प्रयत्न करून बघितला. “नियम तुमचाच आहे.”

“नियम हिचा आहे,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी शिक्का मारला. वन्संनी चिकटवलेला शिक्का तो. चौकोनात सरळ बसला. “वाढा आता. डॉक्टर केव्हाचे थांबलेत.”

थोरलीने आतून सातवं ताट आणलं, आणि ताटं उताणी झाली. पाणी हवं म्हणून थोरल्याने नेहमीच्या सवयीने हाक मारली, “ताई.” वन्सं तितक्याच सवयीने अर्ध्या उठल्या. थोरलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना खाली बसवलं.

“बसा वन्सं,” ती म्हणाली. “त्यांना पाय आहेत.”

थोरला थोडा वेळ बायकोकडे बघत राहिला. मग उठला आणि तांब्या शोधायला स्वयंपाकघरात गेला. तो कुठे असतो हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून बराच वेळ आतून भांड्यांचे आवाज येत राहिले, आणि बाहेर सगळे त्याच्यासाठी थांबले.